नाना, पुढची पाटी वाचा! आपल्याच गाडीने लखनौ ते नेपाळ

"नेपाळला आपल्या गाडीने जायचं आणि गाडी मी चालवणार," असं नानांनी जाहीर केलं तेव्हा मी पोहे परतत होते. नाना म्हणजे माझे वडील. मूळचे सातारचे, रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त, वय पंचाहत्तर, हल्ली लखनौत इंदिरा नगरला माझ्याकडेच असतात. त्यांच्या लायसन्सची मुदत महिन्याभरात संपत होती आणि मी रोज कटकट करत होते, की आता पुरे झालं. शेवटी त्यांनीच अट घातली. "सीमेपलीकडे गाडी नीट नेली, तर रिन्यू करायला तू स्वतः माझ्याबरोबर यायचंस. नाही जमलं तर चावी तुझी." मी हो म्हणून बसले. बापाच्या हट्टापुढे माझं काय चालतंय!

पहिली ठेच घरातच लागली. गाडीच्या पाटीवरचा यूपीचा नंबर नानांनी मराठी आकड्यांत रंगवून घेतला होता, "आपले आकडे आपल्याला कशाला परके?" म्हणून. इतकी वर्षं कुणी हटकलं नाही, हे नशीब. प्रदूषण तपासणीवाले भैया मात्र पाटी बघून हसायलाच लागले. "मैडम, बॉर्डर छोड़िए, ये तो यहाँ भी नहीं चलेगी. हाई सिक्योरिटी वाली लगवाइए." म्हणजे उठावाच्या इंग्रजी अक्षरांची, होलोग्रामवाली सरकारी पाटी. ऑनलाइन बुकिंगला आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर लागतात. आम्हाला तारीख मिळायला तीन आठवडे गेले, तेव्हा तुम्ही वेळेत सुरुवात करा.

नाना दोन दिवस फुगून बसले. "नेपाळात पाट्या देवनागरीत असतात. ते शहाणे आणि मी वेडा?"

"नाना, तो त्यांच्या देशाचा नियम आहे. तुम्ही आहात कुठल्या देशाचे?"

पहाटे साडेपाचला निघालो. नाना, मी आणि माझी लेक रेवा. हिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. बाराबंकीपर्यंत रस्ता झकास आहे, घाघरेच्या पुलावर ट्रकांची रांग धरून चाला. बहराइचला पुरी-सब्जी खाल्ली. नाना पन्नासच्या पुढे जाईनात, मागचे लोक हॉर्न मारून बेजार. मला वाटलं, पैजेपायी जपून चालवताहेत.

रुपईडिहाला सीमा. आपल्या बाजूला ओळखपत्र बघतात, पलीकडे भन्सार, म्हणजे कस्टमची परवानगी. आरसी, लायसन्स, विमा दाखवायचा, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचं शुल्क भरायचं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं पत्र न्या. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. नियम बदलत असतात, निघण्याआधी विचारून घ्या. आमचं काम तासाभरात झालं आणि नाना छाती काढून नेपाळात शिरले. खरं सांगते, मलाच भरून आलं.

नेपाळगंजच्या पुढे रेवाला खेळ सुचला, समोरच्या गाड्यांच्या नंबराच्या पाट्या वाचायचा. लखनौच्या शाळेत शिकलेली ती, देवनागरी आकड्यांत अडखळते.

"नाना, वो लाल वाली... नौ है ना?"

"एक आहे तो. एवढं येत नाही?"

मी बघितलं. नऊच होता, स्पष्ट. म्हटलं, होते कधी चूक. पुढे एक टेम्पो आला, अगदी समोर.

"अब आप पढ़िए नाना."

"सगळं मीच वाचू? तूच वाच."

"अरे एक तो पढ़िए!"

नाना स्टेअरिंगवर पुढे वाकून बघत राहिले. मग सिग्नल दिला, गाडी हळूच डावीकडे घेतली, उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"नाही दिसत गं मला," ते म्हणाले. "सहा महिने झाले. ट्रक दिसतो, पाटी दिसत नाही. वाटलं, एकदा एवढं करून घेऊ."

मी भयंकर चिडले. मागच्या सीटवर माझी पोर बसलेली, नाना! तसं बोललेसुद्धा. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, चावी माझ्या हातात ठेवली आणि खाली उतरले. इंजिनियर माणूस, रस्त्याच्या कडेला उभं राहून चष्मा पुसत होता. मग माझा राग कुठल्या कुठे गेला.

बर्दियाच्या अभयारण्यातले दोन दिवस छान गेले. जंगलाला लागूनच असलेल्या ठाकुरद्वाऱ्याला थारू, म्हणजे तिथल्या आदिवासी, कुटुंबाकडे राहा. त्यांची ढिकरी, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, नानांनी तीनदा मागून घेतली. पहाटे नदीकाठी गेंडा दिसला. "हा मला दिसला बरं का," असं म्हणून नाना स्वतःच मोठ्यांदा हसले. परत येताना पूर्ण रस्ता गाडी मी चालवली.

आता दोन महिने झाले. नानांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. डॉक्टर म्हणतात, नजर बरीच सुधारेल. मी लायसन्सचा फॉर्म आणू का विचारलं, तर नको म्हणाले. म्हणाले, तुझ्यापासून लपवून गाडी चालवली, आता पुन्हा चालवणार नाही.

लखनौतल्याच कपूरथला बाजारात जाताना नाना आता माझ्या शेजारी बसतात. पुढची गाडी थांबली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिथे ब्रेक नाही. मी हल्ली जरा आधीच गाडी हळू करते.