उत्तरेची भिंत

शालिकराम भित्रा आहे, हे नंदनवन वस्तीतल्या त्याच्या गल्लीत कुणी लपवत नसे. तो स्वतःही नाही. माणसानं सापाला भ्यावं, विंचवाला भ्यावं, हा गडी भिंतीला भ्यायचा. मागच्या खोलीची उत्तरेची भिंत एका विटेची, पलीकडे उघडं मैदान. पौषात तिला हात लावला की बोटं आखडत. दोन वर्षांमागे त्याच्या लेकीचं, गोपिकाचं, पहिलं बाळ ह्याच खोलीत गारठ्यानं गेलं होतं. आणि आता दुसऱ्या बाळंतपणालाही पौषच गाठ पडला.

शालिकराम लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होता. दिवाळी सरताच त्यानं खोक्यांच्या फळ्या आणून भिंतीला आतून जडवल्या आणि मधल्या पोकळीत कडुनिंबाचा पाला मिसळून लाकडाचा भुसा ठासला. झरोक्यातून वारा येई, तिथंही भुशाचं पोतं कोंबलं. त्याची बायको सुभद्रा फळीला तळवा लावून म्हणाली, “भित कशी गरम लागून राहिली.” शालिकराम दोन दिवस छाती काढून फिरला.

बाळ आठवड्याचं झालं. त्या सकाळी न्हाणं आटोपल्यावर सुभद्रानं ओव्याच्या धुरीची, कोळशाची शेगडी बाजेखाली सरकवली, दार घट्ट लावून घेतलं आणि ती चुलीकडे गेली. शालिकराम अंगणात दाढी करत होता. धुरी सुरू झाली की बाळ रोज गल्ली डोक्यावर घ्यायचं. आज चिडीचूप.

वस्तरा गालावरच थांबला. मागल्या हिवाळ्यात त्यांच्या आरामशीनचा चौकीदार बंद खोलीत शेगडी घेऊन झोपला होता, तो उठलाच नाही. आणि इथला झरोका कुणी बुजवला? शालिकरामनं वस्तरा टाकला.

तो धावला, तशी सुभद्रा आडवी आली. “अवो, सुयेर फिटलं नाई अजून. बाळंतिणीच्या खोलीत काहून चालले?”

रीत मोडायलाही तो जन्मभर भ्यालेला. उंबऱ्याशी पाय अडखळले. “गोपिका,” त्यानं हाक मारली. ओ आली नाही. त्यानं दार ढकललं.

आत ऊब भरली होती, त्यानं स्वतःच्या हातानं कोंडलेली. गोपिकाची मान लुळी पडली होती. कुशीतलं बाळ लालबुंद, हलत नव्हतं. त्यानं ते उचललं आणि तो पुन्हा उंबऱ्याशी थांबला. बाहेर पौषाचा वारा होता. ह्याच वाऱ्यानं पहिलं नेलं, असं तो मानत आला होता. तो तसाच अंगणात उतरला.

सुभद्रानं बाज फरफटत दाराबाहेर ओढली. शालिकराम बाळाचे तळवे चोळत होता, त्याच्या तोंडावर फुंकर घालत होता, देवाला काय काय कबूल करत होता. बाळ शिंकलं. मग भोकाड पसरलं.

गोपिकानं डोळे किलकिले केले. तिला ओकारी आली. जरा वेळानं ती पुटपुटली, “बाबा, पोराले थंडी लागंन. आत न्या.”

शालिकरामच्या अर्ध्या गालावर साबण वाळला होता, उरलेल्यावरून आसवं वाहत होती. त्यानं नातवाला वाऱ्याच्या तोंडी धरलं.

“लागू दे वं माय,” तो म्हणाला.