मंगळवार-शुक्रवारचा आवाज

गाडीच्या इंजिनातून नको तो आवाज यायला लागला की एक गोष्ट अजिबात करू नये. ते पुण्यातल्या भावाला सांगू नये. मी सांगितलं. त्याला तिथे बसून सगळं स्पष्ट दिसतं. म्हणाला, "विकून टाक ना. कॅब करत जा." आमच्या बोरी अरबसारख्या गावात कॅब! मी फोन आपटला, म्हणजे आपटावासा वाटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत, नुसतं बोट टेकवावं लागतं आणि राग जागच्या जागी राहतो.

गाडी मी हौसेने घेतली नव्हती. बाबांच्या किडन्या निकामी झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचं यवतमाळला डायलिसिस असतं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे नेणारी मीच. सुरुवातीला बसने न्यायचे. एकदा परतताना स्टँडवर त्यांचं बीपी उतरलं आणि ते बाकड्यावरून खाली घसरले. भोवतीचे लोक म्हणाले, प्यालेला दिसतो. ज्या माणसाने जन्मभर बस चालवली, ड्युटीवर सुपारीसुद्धा तोंडात धरली नाही, त्याच्याबद्दल! त्या आठवड्यात मी शाळेतल्या कारकुनीच्या पगारावर ही गाडी उचलली. पेट्रोलवरची, तिसऱ्या हातची, मुळात पांढरी असावी असा अंदाज. गाडी फक्त दवाखान्यासाठी. शाळेत मी पायी जाते, कारण पेट्रोल आणि दुरुस्ती दोन्ही परवडत नाहीत.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी सकाळी मी चावी फिरवली आणि इंजिन चट-चट-चट करायला लागलं. गाडी जागच्या जागी थरथरत होती. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी लगेच हात वर केला.

"थांब. आवाज आयकून राह्यली का? अर्ध्या रस्त्यात दगा देईन हे. फोन करून सांग त्यांले, आज नाही येत म्हना."

बस चालवलेल्या माणसाने म्हटल्यावर मी काय बोलणार? फोन केला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मशीन रिकामं नव्हतं, म्हणजे ती खेप बुडाली ती बुडालीच. सोमवारपर्यंत बाबांच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहत होता, आणि दोन उशा घेतल्याशिवाय त्यांना पडता येत नव्हतं. लागोपाठ दोन-तीन खेपा चुकल्या तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यामुळे तो चट-चट आवाज मला इंजिनाचा वाटतच नव्हता.

मधल्या शनिवारी बाबांना घेऊन दारव्ह्याच्या एका मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेटवर कोपर टेकलं, दोनदा रेस द्यायला लावली आणि खिडकीतून बाबांना म्हणाला, "काकाजी, इंजिनचं हेड खोलावं लागते. आठ-दहा दिवस गाडी ठेवा." गाडी माझी, चावी माझ्या हातात, प्रश्न मी विचारलेला, आणि उत्तर काकाजींना. मी म्हटलं, मला सांगा. तर तो माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा बाबांनाच म्हणाला, "मॅडमले टेन्शन आलं." टेन्शन! मी गाडी काढली आणि घरी आले. आठ-दहा दिवस म्हणजे तीन खेपा. त्या कुणाच्या अंगावर मोजायच्या, हे त्याला कुणी सांगायचं?

रविवारी मी स्वतःच बॉनेट उघडलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आवाज कुठून येतो ते ऐकायचं. पंख्याचा पट्टा काढून मिनिटभर इंजिन चालवायचं. आवाज थांबला तर दोष बाहेरच्या पुलीत, नाही थांबला तर आतला. हे सगळं फुकटात होतं, म्हणून मी केलं. पट्टा काढताना दोन बोटं सोलली. आवाज थांबला नाही. पेचकस कानाला लावला तर आत सगळंच खडखडत होतं. मला काय ठाऊक कुठलं खडखडणं बरोबर आणि कुठलं चूक! बाबा अंगणात खुर्चीवर बसून बघत होते.

"बाबा, तुमी आयका ना जरा."

"माया कानाले आता काही पता नाही लागत," ते म्हणाले.

शुक्रवारी चावी फिरल्याबरोबर ज्या कानाला पत्ता लागला होता, तो हाच. पण मी तेव्हा ग्रीसने माखलेली आणि चिडलेली होते. माझ्या ते लक्षात आलं नाही.

सोमवारी सुट्टी टाकली आणि तशीच चट-चट करत गाडी यवतमाळला नेली. तिथल्या मेकॅनिकने दुपारभर काहीतरी केलं, टॅपेट सेट केले म्हणाला, प्लग काढून साफ करून बसवले आणि गाडी खरंच शांत झाली. मला इतकं बरं वाटलं की येताना मी भावाला फोन करून टोमणा मारला.

मंगळवारी सकाळी बाबा नेहमीसारखे माझ्या आधी तयार होते. बस चालवणाऱ्याची सवय जात नाही. गाडी हलवण्याआधी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी पुसून बघायची, पाणी बघायचं, चारही चाकांना लाथ मारायची. मी डबा भरेपर्यंत त्यांचं हे सगळं आटोपलेलं असायचं. मला ते बघून बरं वाटायचं. या माणसाचा अजून कशात तरी जीव आहे, असं वाटायचं.

चावी फिरवली. चट-चट-चट.

"मी म्हटलं होतं ना," बाबा म्हणाले. "फोन कर त्यांले."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाही करत. बंद पडली त ढकलत नेईन, पन आज नेईन." आणि गाडी काढली. ते शेजारून सांगत राहिले, थांबव, इंजिन जाईन, थांबव. मी ऐकलं नाही. यवतमाळच्या अलीकडे एका चढावर गाडीचा दमच संपला. नशिबाने समोरच टिनाच्या शेडमधलं एक गॅरेज होतं. तिथला म्हातारा मेकॅनिक जवळच्या तांड्यावरचा. त्याने बाबांकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "बाई, हे आवाज कोन्त्या दिवशी येते?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "शुक्रवारी सुरू झाला. काल प्लग साफ करून बसवले तेव्हा थांबला, आज मंगळवारी पुन्हा. दोन्ही दवाखान्याचे दिवस."

तो हसला आणि मग हसायचा थांबला. इंजिन थोडं निवू दिलं, एका प्लगची टोपी काढली आणि फडक्यात धरून प्लग नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. प्लग हातानेच फिरत होता. बुडाशी काजळी जमली होती.

"याच्यातून हवा फेकून राह्यली, म्हनून आवाज. पन हा काल बसवला म्हंता ना तुमी? एका रात्री आपोआप ढिला होत नाही." त्याने आवाज खाली आणला. "घरी प्लग-पाना कोनाजवळ हाय?"

मी वळून बघितलं. बाबा पुढच्या सीटवर बसून पलीकडच्या कपाशीकडे बघत होते, बसमधल्या एखाद्या अनोळखी प्रवाशासारखे. म्हाताऱ्याने पाना बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि हात धुवायचे आहेत म्हणून शेडच्या मागे निघून गेला.

मी ओरडले. भर रस्त्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, बापावर ओरडले. माझी बोटं सोलली ते दाखवलं. सुट्ट्या संपल्या ते सांगितलं. दारव्ह्यातला तो माणूस माझ्यावर हसला आणि तुम्ही शेजारी बसून गंमत बघितली, हेही काढलं. शेवटी म्हटलं, "गाडी पलटली असती म्हंजे? मी मेली असती म्हंजे?"

तेवढ्यावर मात्र ते दुखावले. "त्यानं गाडी पलटत नाही. दीड आटा खोलतो फक्त. जागेवरच आवाज करते, म्हंजे तू काढनार नाहीस. मले समजते का नाही त्यातलं?"

"मंग काहून केलं?"

ते हातावरच्या फिस्टुलाच्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मशीनच्या सुया तिथेच टोचतात.

"तू सकाळी म्हंतेस, चला बाबा. मले तुले 'नाही' म्हनता येत नाही. वाटलं, गाडीनं नाही म्हटलं त आयकशीन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू त गाडीचंही नाही आयकलं."

राग होता, पहिल्यापेक्षा जास्त होता. पण दोन वर्षांत मी त्यांना जायचं का, असं एकदाही विचारलं नव्हतं. चला म्हणायचे, डबा घ्यायचे, गाडी काढायचे. मी त्यांना मरू देत नव्हते आणि त्याबद्दल कुणीतरी मला चांगलं म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

मी पाना उचलून त्यांच्या हातात दिला. "तुमीच आवळा."

ते उतरले. प्लग हलक्या हाताने बसवला, मग पान्याने शेवटचा पाव आटा दिला. मी स्टिअरिंगवर जाऊन बसले, पण चावी फिरवली नाही. खिडकीतून विचारलं, "बाबा, आज जाचं का?"

हे विचारताना मला त्यांचा इतका राग आला होता की माझा आवाज भांडल्यासारखा निघाला. त्यांनी पाना फडक्याला पुसला, बॉनेट लावलं आणि सावकाश फेरा घालून सीटवर येऊन बसले.

"आता एवढं आलो त चाल," ते म्हणाले. "पन शुक्रवारी इचारजो."

शुक्रवारी विचारलं. ते चाल म्हणाले. पुढच्या मंगळवारी विचारलं, तेव्हा आधी चहा संपवला आणि मग चप्पल पायात सरकवली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मला हे विचारावं लागतं. दोन्ही वेळा हा प्रश्न माझ्या तोंडी बसवणाऱ्या त्या माणसाचा संताप येतो. एखाद्या सकाळी ते नाही म्हणतील. मी विचारलेलं असेल, त्यामुळे मला ते ऐकावं लागेल.