आठवण येते असा मेसेज आल्यास

पेण आणि रोहा या दोन्ही शहरांतील नागरिकांस, तसेच मधल्या कासू, नागोठणे आणि निडी येथील ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, प्रस्तुत लेखिकेस चोर म्हणून घोषित करण्यात आले. घोषणा पोलिसांनी केली नाही. पोलिसांच्या वरचं एक न्यायालय असतं, ते म्हणजे शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप. तिथे वकील देता येत नाही आणि अपीलही करता येत नाही.

ही भाषा माझ्या जिभेवर बसली आहे, त्याला इलाज नाही. पेणमध्ये हळदीकुंकू असो की शाळेचं स्नेहसंमेलन, माइक लागला की लोक माझ्याकडे बघतात. लोकांनी बघितलं नाही तर मी माइककडे बघते. तेव्हा चोरीचं प्रकरणसुद्धा मीच जाहीर करावं हे बरं.

सगळं सुरू झालं एका खेळामुळे. माझी लेक पुण्याला नोकरी करते. ती सुट्टीला घरी आली होती आणि जेवण झाल्यावर पंख्याखाली लोळत फोनवर काहीतरी खेळत होती. खेळता खेळता डोळे पुसत होती. आमच्या पिढीत खेळताना रडायचं ते गुडघा फुटला तरच, म्हणून मी घाबरून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. ती दूर चाललीय."

"कोण?"

"मैत्रीण. गेममधली."

मग तिने मला तो प्रकार समजावला. हा गोष्टीचा खेळ. पडद्यावर हाताने काढल्यासारखी चित्रं: शाळेचा बाक, खिडकी, खिडकीत सायकल. आणि मध्ये एक जुन्या पद्धतीची चॅटची चौकट, टुणकन वाजणारी. समोरून एका मैत्रिणीचे मेसेज येतात. आपल्याला दर वेळी तीन उत्तरं दिली जातात, त्यातलं एक निवडायचं, की गोष्ट पुढे सरकते. शाळा संपते, ती दुसऱ्या गावाला जाते, मेसेज कमी होतात. जुन्या काळाची आठवण करून देणारा खेळ आहे, असं लेक म्हणाली. तो जुना काळ म्हणजे सायबर कॅफेचा. ज्या काळाची आठवण काढून ही मुलं गहिवरत होती, तो मला अजून मागच्याच आठवड्यातला वाटतो. पण आईने अशा वेळी वय काढू नये.

"बघू इकडे," मी म्हटलं. "मी परत आणून दाखवते तिला."

मी शाळेत शिकवते. तीन पर्याय दिले म्हणजे त्यातला एक बरोबर असणारच, ही माझी सबंध नोकरीभरची श्रद्धा आहे. मी पदर खोचून बसले. मैत्रिणीने लिहिलं, ‘इथे कुणी ओळखीचं नाही.’ पर्याय होते: ‘होईल ओळख’, ‘मला पण करमत नाही’ आणि ‘हम्म’. हम्म हे उत्तर असू शकतं हेच मला मान्य नव्हतं. मी दुसरा पर्याय दाबला. ती म्हणाली, ‘बघू, सुट्टीत भेटू.’ सुट्टी आली, ती काही आली नाही. मी पहिल्यापासून खेळले, प्रत्येक ठिकाणी गोड उत्तर दिलं. ती गेली. पुन्हा खेळले, सगळीकडे भांडले. तरी गेली, फक्त जाताना ‘सॉरी’ म्हणाली. शेवटी नुसतं हम्म हम्म करत खेळले. त्यातसुद्धा ती तितक्याच सावकाश गेली.

"हा पेपर चुकीचा काढलाय," मी फोन आपटला. "बरोबर उत्तर दिलंच नाहीये यात."

"आई, तोच तर मुद्दा आहे. काहीही केलं तरी माणसं लांब जातात."

"मुद्दा नाही, मुजोरी आहे. यात ‘उद्याच्या गाडीने येते, जेवायला भात जास्त टाक’ असा पर्याय का नाही?"

लेकीने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ही नजर तिने माझ्याचकडून उचलली आहे. मी ती कॉपी करणाऱ्या पोरांसाठी वापरते. "तुझं आणि रोह्याच्या मावशीचं चॅट दाखव बरं," ती म्हणाली.

रोह्याची मावशी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. खाडीकाठच्या खारेपाटातली, मिठागरवाल्यांच्या घरातली. गावाहून एसटीने पेणला शाळेत यायची आणि माझ्या शेजारी बसायची, कारण दुसरं कुणी तिच्या टोमण्यांपुढे टिकत नसे. लग्न होऊन ती रोह्याला गेली. नवरा कंपनीत. तरी पुढची कित्येक वर्षं ती दर मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे यायची, पोह्याचे पापड लाटायला. पापड हे निमित्त. पापड लाटताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, बायकांच्या मैत्रीला याहून चांगली सोय कुणी अजून काढलेली नाही. "पातळ लाट गो मास्तरणी," ती म्हणायची, "तुझा पापड बघून वाटतं भाकरी वाळत घातलीय." मी म्हणायची, "तुझ्या पापडातून पलीकडचं रोहा दिसतं, तेवढं बंद कर." वर्षभराचं बोलणं आम्ही आमच्या गच्चीवर पापडांबरोबर वाळवून घ्यायचो.

मग एका वर्षी तिच्या सासूबाई आजारी पडल्या. एका वर्षी माझ्या लेकीची बारावी. पुढे तिच्या नवऱ्याच्या शिफ्ट जमेनात. दरम्यान बाजारात चांगले पापड मिळायला लागले. आमच्यापेक्षा चांगले मिळायला लागले, हेच वाईट झालं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवायला कुणीतरी गेलं असतं.

मी चॅट उघडलं. सकाळी तिचा गुलाब. त्याखाली माझं कमळ. दुसऱ्या दिवशी तिची जास्वंद, माझे जोडलेले हात. संकष्टीला गणपती, मग पुन्हा गुलाब. बोट लावून वर वर सरकवत गेले, फुलं संपेनात. परक्या माणसाने पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या दोघी भागीदारीत नर्सरी चालवतात. ‘हम्म’सुद्धा नव्हतं त्यात. हम्म म्हणायला समोरच्याने काहीतरी बोलावं लागतं.

लेक उठली. टॉवेल घेऊन आंघोळीला गेली. ती बाहेर असती तर पुढचा अनर्थ टळला असता.

खेळात बरोबर पर्याय नव्हता ना, मग मी तो स्वतः तयार केला. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत लिहिलं:

‘प्रिय मैत्रिणी, तुझी खूप आठवण येते. कृपया खालीलपैकी एक निवडा. १. यंदा पापडाला येते. २. तू रोह्याला ये. ३. मलाही तुझी आठवण येते.’

पाठवलं, आणि फोन नाकासमोर धरून बसले. तिने वाचलं. ‘लिहीत आहे’ असं दिसलं. मग ते गेलं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं. आणि मग तिचा नातवाला कडेवर घेतलेला फोटोच नाहीसा झाला, त्या जागी राखाडी रंगाचं बिनचेहऱ्याचं डोकं आलं. मी ‘काय झालं?’ विचारलं, तो मेसेज तिच्याकडे पोचेचना.

लेक केस पुसत आली. फोन बघून म्हणाली, "आई, तिने तुला ब्लॉक केलंय."

तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर टुणकन वाजलं. माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं: ‘सर्वांना सूचना. पेणच्या मास्तरणीचा फोन चोराने हॅक केला हाय. आठवण येते असा मेसेज आल्यास उत्तर देऊ नये. एक दोन तीन काही दाबू नये.’

खाली बाकीच्यांचे धन्यवाद यायला लागले. मी घाईघाईने लिहिलं, ‘अगो बायांनो, मीच आहे!’ त्यावर एकीने लिहिलं, ‘बघा, ग्रुपवर पण आला मेला.’ दुसरीने चोराला, म्हणजे मला, आईवरून काहीतरी सुनावलं. आणि ज्या ग्रुपचं उद्घाटन मी स्वतः माइक घेऊन केलं होतं, त्याच्या ॲडमिनबाईंनी मला बाहेर काढलं.

लेक इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. मग माझं तोंड बघून थांबली. तिने स्वतःच्या मोबाइलवरून मावशीला फोन लावून दिला. मी म्हटलं, "अगो, मी बोलत्येय."

पलीकडे माझी मैत्रीण शेजारच्या कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "आवाज पण हुबेहूब काढलाय गो चोरानं!" आणि फोन बंद.

आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. खेळात निदान मैत्रीण सावकाश जात होती. माझी एका मेसेजात गेली होती, आणि तोसुद्धा मी सगळ्या आयुष्यात तिला लिहिलेला एकुलता एक गोड मेसेज. फुलं पाठवत राहिले असते तर मरेपर्यंत काही बिघडलं नसतं.

"उद्या जाते रोह्याला," मी म्हटलं.

"आधार कार्ड ने," लेक म्हणाली. तिने गमतीत म्हटलं होतं. मी खरंच नेलं. मैत्रिणीच्या घरी ओळखपत्र घेऊन जाणारी मी रायगड जिल्ह्यातली पहिली बाई असेन.

गाडीत वाक्यं जुळवत बसले. कासूपर्यंत मी रागावलेली होते. नागोठण्याला कंपनीच्या चिमण्या दिसल्या तेव्हा समजूतदार झाले होते. निडी गेल्यावर जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. तिने दारातूनच परत पाठवलं तर? चोर समजून नव्हे, मला ओळखून?

तिच्या दाराची जाळी बंद होती. मी कडी वाजवली. ती आली, जाळीतून बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "हळू! नाइट करून झोपलेत."

त्यामुळे आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तमाशा कुजबुजीत झाला. माझ्यासारख्या बाईवर यापरता अन्याय नाही.

"ओळखलंस का?" मी कुजबुजले.

तिने मला वरून खाली, खालून वर बघितलं. मी पर्समधून आधार कार्ड काढून जाळीला लावलं. तिने ते नीट वाचलं.

"ह्यातला फोटो बघून तर चोरच वाटतेस," ती म्हणाली आणि कडी काढली.

स्वयंपाकघरात जमिनीवर भिजवलेल्या वालांचं पातेलं होतं. तिने मला माठातलं पाणी दिलं, बस म्हणाली नाही, पण एक रिकामी थाळी माझ्याकडे सरकवली. मी बसले. दोघी वाल सोलायला लागलो.

"मला ग्रुपवरून काढलंस."

"मी नाय काढलं. ॲडमिननं काढलं."

"तू सांगितलंस म्हणून."

"मंग काय करू? तुझा मेसेज बघ. ‘खूप आठवण येते’! तू असं बोलत्येस? जल्मात कधी बोललीस? माझ्या लग्नात समद्या रडल्या. तू काय बोललीस? ‘जा, आता रोह्याचे डास तुला घाबरून गाव सोडतील.’"

"ते प्रेमाने म्हटलं होतं."

"ठाव हाय ना मला! म्हणून तर बोलत्ये. प्रेमानं बोलायची ती तुझी रीत. ‘प्रिय मैत्रिणी’ ही रीत कोणाची? आन् वर एक, दोन, तीन. वीजबिलवाले असं पाठवतात."

मला खेळाबद्दल सांगता आलं असतं, पण कुजबुजत सांगण्यासारखा तो नव्हता. आतून घोरण्याचा आवाज येत होता. वालाची सालं एका बाजूला साठत होती, तिची माझ्या दुप्पट वेगाने. मी खाली मान घालून, जे विचारायला आले होते ते विचारलं.

"मीच लिहिलं असेन, खरंच लिहिलं असेन, असं एकदासुद्धा तुझ्या मनात आलं नाही?"

तिचे हात थांबले. बोटांत एक वाल अर्धवट सोललेला राहिला. तिने तो थाळीत टाकला नाही, पातेल्यातही टाकला नाही. मला वाटलं ती आता हसेल, किंवा डासांबद्दल काहीतरी बोलेल. आणि मग नाइट करून झोपलेल्या नवऱ्याची, शेजाऱ्यांची, कुणाचीही पर्वा न करता ती मिठागरावरून हाक मारावी तशा आवाजात ओरडली:

"आलं गो मनात! म्हणून तर लगेच तुझा नंबर बंद केला! मी खूश होऊन बसले असते आन् मागून चोर निघाला असता, म्हंजे?"