पौर्णिमाबाईंचं शिवणाचं पुस्तक

पुलगावात पौर्णिमाबाई थूल यांचा शिवणाचा क्लास होता. चौऱ्याण्णव साली त्यांनी तो घरच्याच ओसरीत सुरू केला, तेव्हा मशीन एक होती आणि शिकायला येणाऱ्या दोघी. पुढे आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया-पोरी यायला लागल्या. कोणाचं लग्न ठरलेलं असे, कोणी माहेरी परत आलेली, कोणाला नुसतं घटकाभर घराबाहेर बसायचं असे. पौर्णिमाबाई सगळ्यांना जवळ करत. नवरा श्रावण शाळेच्या पोरांचा ऑटो चालवी आणि दुपारी रिकामा असला की बिघडलेल्या मशिनी उघडून बसे.

क्लास सुटल्यावर, लग्न होऊन गेल्यावर बाया विसरत. मग एखादी सणावाराला येऊन विचारी, "बाई, कटोरी कशी कापाची होती वो? मी तर ब्लाउजपीस नासवला." बाजारातल्या पुस्तकांत चित्रं बारीक आणि भाषा अवघड. आपणच एक पुस्तक करावं, असं पौर्णिमाबाईंच्या मनात आलं. मोठी चित्रं घ्यायची आणि त्यांच्याखाली आपण तोंडानं सांगतो तसंच लिहायचं. "इथं कात्री दमानं चालव, कापड तिरपं हाये," असं.

त्यासाठी त्या स्टेशनकडच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसल्या. शिकवणारी सपना त्यांच्याहून बरीच लहान होती, पण त्या तिला मॅडमच म्हणत. सपनानं त्यांना मराठी टाइप करायला आणि रेघा ओढायला शिकवलं. कोणाचा तरी जुना कॉम्प्युटर घरी आला. ओसरीत खडूनं एका झटक्यात निघणारा, बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल पडद्यावर माऊसनं काढताना आधी बटाट्यासारखा यायचा. मग हात बसला. दोन-अडीच वर्षांत झबल्यापासून पंजाबी ड्रेसपर्यंत सगळं त्यात उतरलं.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात धाकटा भाऊ अश्वजित पुण्याहून एका लग्नासाठी आला. तो तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. बहिणीचं काम पाहून तो खूश झाला, आणि लगेच काळजीतही पडला.

"ताई, ह्याची दुसरी कॉपी कुठं हाये?"

"दुसरी कायले? हे हाये ना."

"अन् हे बिघडलं तं?"

टेलिफोनच्या तारेवरून घरात नुकतंच इंटरनेट आलं होतं. अश्वजितनं एका ऑनलाइन बॅकअपवाल्या कंपनीत बहिणीचं खातं उघडलं. कॉम्प्युटर चालू असला की पुस्तकाचं फोल्डर आपोआप दूर कुठल्याशा मोठ्या मशिनीवर उतरणार होतं.

पौर्णिमाबाईंना ते पटेना. "आपलं सामान परक्याच्या घरी काऊन ठेवाचं? अन् त्यायनं पाह्यलं तं?"

"कुलूप लावून ठेवू ना. किल्ली तुह्याजवळ. तुले विसरता येणार नाई असं काही नाव टाक."

त्यांनी आईचं नाव टाकलं, पंचफुला, आणि पुढे दोन आकडे. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं चिन्ह दिसायला लागलं. नेट इतकं हळू होतं की सारी चित्रं वर जायला आठवडा लागला. नंतर त्या चिन्हाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

पुढच्या मे महिन्यात लोडशेडिंगनं जीव नकोसा केला होता. एका दुपारी लाइन गेली ती गेलीच, आणि परत आली तेव्हा दणक्यात आली. दिवा पांढरा लखलखला, पंखा घरघरला, आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून जळका वास सुटला.

वर्ध्याला दुरुस्तीवाले चंद्रभानभाऊ होते. श्रावणनं डबा ऑटोत घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी दोन-तीन दिवस खटपट केली, दुसऱ्या मशिनीला जोडून पाहिलं. शेवटी स्वतःच फोन केला. "बाई, बाकी सगळं बदलता येते. पण हार्डडिस्क गेली. तुमचं त्यातलं काही माह्या हाताले लागलं नाई. मले लई वाईट वाटून राह्यलं."

पौर्णिमाबाईंनी फोन ठेवला आणि पोरींना परकराचे घेर कापायला शिकवत राहिल्या. रडल्या नाहीत. पण त्या दिवशी दोन घेर त्यांच्याच हातून उलटे कापले गेले, तेव्हा पोरी समजल्या आणि गुपचूप आपापल्या घरी गेल्या.

कॉम्प्युटर जळला म्हणजे त्यातलं इंटरनेटही जळलं आणि तिकडे पाठवलेलं सगळंही गेलं, अशीच त्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी भावाला सांगितलंसुद्धा नाही. श्रावणनंच न राहवून त्याला फोन लावला आणि बायकोच्या हातात दिला.

"जय भीम, ताई. अवो, मशीन गेली, सामान कुठं गेलं? ते तं तिकडंच हाये! किल्ली आठवते ना?"

"आईचं नाव कोण विसरन?"

"मंग ऊठ. नेट-कॅफेत जा."

बाजारात धर्मेंद्रचं नेट-कॅफे होतं. अश्वजित फोनवरून सांगत गेला आणि धर्मेंद्र तसतशी बटणं दाबत गेला. किल्ली मात्र पौर्णिमाबाईंनी स्वतः टाकली. धर्मेंद्रनं मान दुसरीकडे फिरवली, एवढी त्यालाही समज होती. फोल्डर उघडलं. झबलं, फ्रॉक, परकर, कटोरी, सारी नावं ओळीनं उभी होती. पौर्णिमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

पण पहिली फाइल उघडली आणि त्या पडद्याजवळ वाकल्या. चित्र जसंच्या तसं होतं, एकही रेघ हललेली नव्हती. खालचं लिहिलेलं मात्र सगळं गिचमिड. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, काहीच्या बाही.

"अश्वजित, नासलं रे हे. माह्यं लिहिलेलं नासलं."

तिकडे तो हसला. "नासलं नाई, ताई. तू ज्या मराठी फॉन्टात लिहिलं, तो फॉन्ट ह्या कॉम्प्युटरात नाई. तो तुह्या फोल्डरात नव्हता, म्हणून वर गेलाच नाई. चूक माही हाये, मलेच सुचाले पाह्यजे होतं. अक्षरं सगळी आहेत, फक्त दिसून नाई राह्यली. तो फॉन्ट कोणाजवळ असन?"

सपना मॅडमजवळ असणार होता. पण क्लास बंद झाला होता आणि सपना लग्न होऊन वर्ध्याला गेली होती. कोणीतरी सांगितलं की ती एका छापखान्यात कंपोझिंग करते आणि तिला एक लहान मुलगीही आहे. धर्मेंद्रनं फाइली सीडीवर उतरवून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमाबाई पॅसेंजरनं वर्ध्याला गेल्या.

सपनानं त्यांना लांबूनच ओळखलं. "शिवणवाल्या ताई! तुमी इकडं कुठं?"

सगळं ऐकल्यावर तिनं हातातली लग्नपत्रिका बाजूला सारली. छापखान्यात ती तोच फॉन्ट रोज वापरत होती. तिनं सीडी घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर स्वच्छ मराठी आलं. सपना मोठ्यानं वाचायला लागली, "बाई गं, घाई करू नको. आधी कापड पाण्यातून काढ, वाळव, मग बेत..." वाचता वाचता तिला हसू फुटलं. पौर्णिमाबाई मात्र तिथल्या स्टुलावर बसून इतक्या दिवसांचं रडल्या. मशीनवरच्या माणसानं छपाई थांबवून त्यांना पाणी आणून दिलं.

"आता हे इथंच छापू," सपना म्हणाली. "मी मालकांशी बोलतो. अन् फॉन्ट पेनड्राइव्हवर देतो, आता फोल्डरातच ठेवजा."

दहा सालच्या सुरुवातीला पुस्तक निघालं. पहिल्या पानावर पौर्णिमाबाईंनी आभार लिहिले होते. अश्वजित, सपना, धर्मेंद्र, चंद्रभानभाऊ, श्रावण. आणि खाली एक ओळ: "ज्या अनोळखी लोकांनी माझं सामान ओळखदेख नसताना सांभाळलं, त्यांचे."

छापण्याआधी अश्वजितला त्यांनी ते फोनवर वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "ताई, तिथं माणसं नसतात वो. नुसत्या मशिनी असतात."

"असू दे. मशिनीले तेल घालणारा कोणी असनच ना? त्याले मी पाह्यलं नाई, त्यानं मले पाह्यलं नाई. तरी त्यानं माह्यं काम वाया जाऊ देल्लं नाई."

ओळ तशीच राहिली.

पुस्तकांचे गठ्ठे पॅसेंजरनं पुलगावला आले. श्रावणनं ऑटोतून ते घरी आणले. पोरींनी ओसरीतच पहिला गठ्ठा सोडला आणि जिला जे पान सापडलं ते घेऊन ती खाली बसली. पौर्णिमाबाईंनी एक प्रत सपनासाठी वेगळी काढली आणि तिच्या लहान मुलीच्या फ्रॉकसाठी कपाटातून पिवळं कापड काढलं.