मनकर्णाबाईची भिंत

मालेगावहून कोसभर माळावर एक पडका राजवाडा होता. राजाचं नाव कोनालेच ठाऊक नाही. आमाले ठाऊक त्याची माती. घराच्या धाब्यावर ते पांढरी माती टाकली का पानी गळत नाही, म्हनून दर उन्हाळ्यात तिथं गाड्या लागायच्या. माये चुलते उकंडराव म्हनत, "राजा गेला, अन् राजवाडा आपल्या डोक्शावर आला."

मोठ्या तापाची साथ सरली त्याच्या दुसऱ्या साली मी पह्यल्यांदा गेलो. एका भिंतीपाशी मनकर्णाबाई बसली होती. बाजूलेच तिची वांग्या-मिरच्याची बाडी. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"हे भिंत सोडून कुठंबी खंदा," ती म्हनाली.

"काहून? सोनं पुरलं काय?"

ती रागावली नाही. तिनं मले राणीची गोष्ट सांगतली. राजा लढाईवर गेला, त्याचं मढं कोनी पाह्यलं नाही. भाऊबंद म्हने, कुंकू पूस. राणीनं पुसलं नाही. ह्या भिंतीत खिडकी पाडून ते जल्मभर रस्त्याकडं पाहत बसली.

"राजा कवाबी येईन," मनकर्णाबाई म्हनाली.

वापस येताना चुलत्यानं तिचीच गोष्ट सांगतली. तिचा नवरा जगदेव माती खंदाले गेला अन् त्याच भिंतीचा अर्धा भाग ढासळला. तो खाली दबला, असं समदे म्हनत. पन उरलेली भिंत आंगावर येईन म्हनून ढिगाऱ्याले कोनी हात लावला नाही. मनकर्णाबाई म्हने, तो कुठं कामाले गेला असन. म्या मेलेला पाह्यला नाही, मंग कुंकू कायले पुसू? बायका तिच्यावर तोंडं वाकडी करत. बायकांचं काय जात होतं, देव जाने.

त्याच पावसाळ्यात ते भिंत आपसूक बसली. उघाड पडल्यावर आमी धाब्याले कमी पडलेली माती भराले गेलो. माया फावड्याले चांदीचं कडं लागलं. मंग हाडं.

मनकर्णाबाईनं जगदेवचं कडं वळखलं अन् पदरात घेतलं. विहिरीवर गेली अन् आपल्या हातानं कुंकू धुतलं. मी रिकामी गाडी घेऊन घरी आलो. त्या साली आमचं धाबं गळलं. गळू दे.

पुढं वाशिमचे एक मास्तर राजवाडा पाहाले आले. त्यायले मीच घेऊन गेलो. मनकर्णाबाईनं तीच गोष्ट सांगतली. लढाई, खिडकी, रस्ता.

"मग राजा आला का?" मास्तरनं इचारलं.

"तो कुठं गेलाच नोता, मास्तर. खिडकीच्या बुडाशीच पडला होता. राणी आपली रस्त्याकडं पाहत बसली."