कानातली वायर

शांतता हवी म्हणून लोक हल्ली पैसे मोजून डोंगरावर राहायला जातात. ऐकलं की मला संताप येतो. संसाराची उमेदीची वर्षं मी शांततेत काढली आहेत आणि ती मला फुकट मिळाली होती.

कासारवाडीला रेल्वेलाइनच्या अलीकडे एका चाळीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरात मी, नवरा, सासूबाई, लग्नाची नणंद आणि पुढे माझी मुलगी. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये होता, म्हणजे मोठाल्या मशिनींखाली पत्रे दाबून भाग काढतात त्या खात्यात. तेव्हा मी त्याला अहो म्हणायची. आता लिहिताना अहो निघत नाही, रागावलेल्या बाईच्या तोंडून निघतही नसतं, म्हणून तो म्हणते. त्यानं कायमची थर्ड शिफ्ट मागून घेतली होती. रात्रभर काम करून सकाळी यायचा, आंघोळ करून भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. तिथून दिवस कलेपर्यंत आमचं घर मुकं.

थर्ड शिफ्टचं घर म्हणजे काय, ते ज्या बायकांनी काढलंय त्यांनाच कळेल. दुपारी कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. घासलेली भांडी पोत्यावर पालथी घालायची. काचेच्या बांगड्यासुद्धा सासूबाई मला कोपराकडे सारायला लावायच्या, किणकिण नको म्हणून. मुलगी झाली तेव्हा माहेरून आलेले पैंजण डब्यातच राहिले. ती पोर बोलायला शिकली तीच कुजबुजत. बालवाडीतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, हिला घरी कोणी धाक घालतं का, हिच्या तोंडून आवाजच फुटत नाही. मी काय सांगणार, कपाळ?

बाहेर रुळांवरून गाड्या धडधडत जायच्या, त्यांना कोण चिंधी गुंडाळणार होतं? पण सासूबाईंचं म्हणणं, गाडीची सवय होते, घरातल्या आवाजाची होत नाही. आणि ते मला पटायचं. हेच आता जास्त झोंबतं.

माझ्या वडिलांनी लग्नात ट्रान्झिस्टर दिला होता, तपकिरी चामड्याच्या पिशवीतला, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. दुपारी रेडिओवर बायकांचा कार्यक्रम असायचा आणि त्यात एक बाई कादंबरी वाचून दाखवायच्या, रोज थोडी थोडी. माझं शिक्षण मॅट्रिकला थांबलं होतं. दिवसभरात मला कोणी काही आण म्हणत नाही, दे म्हणत नाही, नुसतं कोणीतरी सांगतंय आणि मी ऐकतेय, असा माझा म्हणून तेवढाच वेळ. तो नेमका ह्याच्या झोपेचा. लग्नाआधी एक दिवस चुकवला नव्हता. लग्नानंतर रेडिओ कपाटावर आणि मी खाली. एकदा आवाज अगदी बारीक करून, गोधडीत डोकं घालून ऐकायला बसले, तर सासूबाईंनी गोधडीच ओढली. लेकरू रात्रभर राबून आलंय, तुला गाणी सुचतात, म्हणाल्या. लेकरू चांगलं मिशा असलेलं होतं.

ट्रान्झिस्टरच्या कडेला एक बारीक भोक होतं. त्यात वायर खोचली की डबा गप्प आणि आवाज फक्त आपल्या एका कानात, हे मला माझ्या भावानं सांगितलं. दिवाळीत सगळ्या बायका साडी मागतात, मी इअरफोन मागितला. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. कानात वायर घालून बसलीस तर हाक मारलेली ऐकू कशी येणार? म्हटलं, एकच कान घेते, दुसरा तुमचाच आहे. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. पण नवरा हो म्हणाला. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं त्याचं!

पिंपरी कॅम्पात रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. ट्रान्झिस्टर खांद्याला लावून आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं काचेवर तीन इअरफोन मांडले आणि तिन्ही ह्याच्याकडे सरकवले. ऐकणार मी, रेडिओ माझ्या बापाचा, पण कान तपासायचा पुरुषाचा. एक पांढरा होता, टणक, टोचणारा. दुसरा काळा, टोकाला मऊ रबर असलेला. तिसरा चांगला जाडजूड, परदेशी म्हणून दुकानदार त्याचीच भलामण करत होता.

ह्यानं पांढरा कानात घातला आणि मान हलवली. काळा घातला, कान बदलून पाहिला, आवाजाचं बटण फिरवलं, पुन्हा मान हलवली. "ह्यात काही दमच नाही," म्हणाला. तिसरा घातल्यावर मात्र चेहरा खुलला. हाच द्या.

मी म्हटलं, मला बघू तरी द्या. पदर कानावर घेऊन तो काळा लावला. बातम्या चालू होत्या. बातम्याच त्या, पण शेजारी बसून कोणी समजुतीनं सांगावं तसा आवाज होता. मला रडूच आलं असतं. मग तो तिसरा लावला, तर पत्र्यावर खिळा ओढल्यागत कर्कश्श. मी काळा धरून ठेवला. हा म्हणाला, त्यात काही ऐकू येत नाही, उगीच फसशील. दुकानदार हसून म्हणाला, साहेब बरोबर बोलतात, बाईमाणसाला काय कळतं त्यातलं. झालं. घरी येताना माझ्या पिशवीत तो जाडा. मी वाटभर बोलले नाही आणि ह्याच्या ते लक्षातही आलं नाही.

तरी मी त्याला कापूस गुंडाळला आणि दुपारी खिडकीशी बसून ऐकायला लागले. काय सांगू, तांदूळ निवडावे लागले तरी चालायचे. हाताला काम आणि कानात माणूस. त्या महिन्यांत मी कोणावर चिडले असेन असं मला आठवत नाही.

मग नणंदेला रहाटणीचं स्थळ आलं. मुलगा बघून गेला, पसंती आली, बोलणी व्हायची होती. एका दुपारी मुलाची आई न सांगता आली. तेव्हा असं करायचेच, घर एरवी कसं असतं ते बघायला. सासूबाई आणि नणंद बाजारात. मी खिडकीशी, कानात वायर, वायर खाली मांडीवरच्या चामडी डब्यात गेलेली. तिनं कडी वाजवली, तर कडीला चिंधी. हाक मारली, तर माझा एक कान कादंबरीत आणि दुसरीकडून गाडी धडधडत चाललेली. तिनं खिडकीतून डोकावून पाहिलं. त्या काळी बहिऱ्या माणसांची यंत्रं अशीच असायची, छातीवर डबी आणि कानापर्यंत वायर. आणि आमच्या भागात, जिथे घराघरातला माणूस मशिनींच्या दणदणाटात, तिथे कानात वायर म्हणजे दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या मनात यायचंच नाही.

ती गेली आमच्या मालकीणबाईंकडे. मालकीणबाई गावच्या जुन्या घरातल्या, मनानं चांगल्या. भाडं सासूबाईच नेऊन द्यायच्या, माझं त्यांच्याशी बोलणं असं नव्हतंच. त्यांनीही मला तसं बसलेलं बघितलं होतं आणि परस्पर कीव करून ठेवली होती. त्यांनी तिला माझी शिफारस केली, "ऐकाया येत न्हाई वं तिला, पर बाई गुणाची हाय."

स्थळ मोडलं. मध्यस्थ निरोप घेऊन आला तेव्हा सगळे घरात होतो. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला की घरात बहिरेपण आहे असं त्यांच्या कानावर आलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, मी सून! माझं रक्त नणंदेच्या अंगात येणार कुठून? तसं मी म्हटलंही. तर मध्यस्थ खाली बघून म्हणाला, "त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. बहिरी मुलगी कोणी उगाच करून घेत नाही. तुमच्या मुलातच काही खोट असणार."

सासूबाई त्याच्यावर तुटून पडल्या. नवरा मात्र पांढराफटक पडला. मध्यस्थ गेल्यावर ह्यानं उठून माझा इअरफोन घेतला, वायर गुंडाळली आणि आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. मला वाटलं, घ्या, आईचा लेक तो आईचाच. नणंद कोपऱ्यात रडत होती आणि सासूबाई मला काय काय बोलत होत्या ते लिहिण्यासारखं नाही.

वर्षभरानं नणंदेचं लग्न झालं, चिखलीच्या मुलाशी, चांगलं झालं. त्या वर्षात मी एकदाही रेडिओ मागितला नाही. तिच्या सुखासाठी गप्प बसले, ठीक आहे. पण लग्न झालं, सत्यनारायण झाला, आता काय अडचण? एका सकाळी भाकरी वाढताना म्हटलं, माझा इअरफोन द्या. हा म्हणाला, मोडला तो. कपाटात ठेवलेली वस्तू मोडते कशी? भाकरी खाल्ली, हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या, मुलगी मालकीणबाईंकडे खेळत होती. दुपार झाली आणि माझं डोकं फिरलं. रेडिओ खाली काढला. म्हटलं, माझ्या बापाचा रेडिओ आहे, आज उघड ऐकणार. जागा होईल तर होऊ दे, भांडण होईल तर होऊ दे, आज सोक्षमोक्ष. ह्याच्या उशाशी ठेवला आणि बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

घर दणाणलं. ताकावरचं लोणी कसं काढायचं ते सांगत होत्या बाई, आणि त्यांचा आवाज भिंतींवर आपटत होता. पलीकडे मालकीणबाई माझ्या मुलीला विचारत होत्या, काय झालं गं म्हणून. मी कमरेवर हात ठेवून उभी, भांडायला तयार. हा हलला नाही. गालाखाली हात, झोपलेला. मला वाटलं, गेला की काय हा! नाकाशी बोटं नेली, तर श्वास ऊन. पितळी तांब्या उचलून फरशीवर आपटला. पापणीसुद्धा लवली नाही.

तेव्हा मला कळलं.

खांद्याला धरून हलवलं, तर दचकून उठला. रेडिओ कानाशी बोंबलतोय, आणि हा माझ्या तोंडाकडे बघत शांतपणे विचारतोय, काय झालं? मग त्याची नजर रेडिओकडे गेली. त्यानं त्यावर हात ठेवला. डबा थरथरत होता. हात तसाच काढून घेतला.

मी ओरडत सुटले. कधीपासून? मग आम्ही कोणासाठी जीव मुठीत धरून चालत होतो? माझ्या पोरीचा आवाज कोणासाठी दाबला? तो म्हणाला, "सावकाश बोल. तोंड माझ्याकडे करून."

लग्नानंतर थोड्याच दिवसांत डावा गेला होता आणि मग उजवाही जात चालला होता. मोठं असलं, कर्कश्श असलं, तर जागेपणी थोडं यायचं. खात्यात कानात घालायला काही मागितलं तर साहेब हसायचे, म्हणून पोरं तेलकट चिंध्यांचे बोळे कोंबायची. आता कंपनीनं कान तपासायला सुरुवात केली होती. आवाज कमी करायला नव्हे, बहिरे शोधून घरी पाठवायला. रात्री साहेब लोक बोलायला येत नाहीत, म्हणून थर्ड शिफ्ट. आणि घरातली शांतता? ती आईनं सुरू केली, म्हणाला, मी काय सांगणार होतो, आपटा भांडी म्हणून?

मला त्याची दया यायला हवी होती. आली, पण पुढे, फार पुढे. त्या दुपारी मला त्याचा राग होता, कंपनीचा राग होता, आणि मी कोपराकडे सारलेल्या प्रत्येक बांगडीचा राग होता.

तो उठला, कपाट उघडलं आणि इअरफोन माझ्या हातात ठेवला. धडधाकट होता. म्हणाला, आईला कळता कामा नये, तेव्हा दुपारचं घर आहे तसंच गप्प ठेव. आणि तू ही वायर घाल, पण खिडकीत नको. बाहेर पायरीवर बस, सगळ्यांना दिसू दे. चाळीत कंपनीतली माणसं राहतात. मी घरात मोठ्यानं बोलतो, ते तुझ्यासाठी बोलतो असं त्यांना वाटू दे.

मी म्हटलं, म्हणजे मी बहिरी?

तो म्हणाला, "तुझे कान कोण तपासणार आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायरीवर बसले. कानात वायर, मांडीवर डबा. कादंबरी दुसरीच चालू होती, मधलं कुठलं तरी प्रकरण. मालकीणबाई समोरून आल्या, माझ्यापुढे वाकल्या आणि हातानं घास दाखवत मोठ्यानं ओरडल्या, "जेवलीस का गं?"

मला दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू येत होते. मी वर बघितलं नाही. त्या बिचारी म्हणाल्या आणि पाणी भरायला गेल्या.