वयाची अट आहे काय

कळमनुरीत तहसीलसमोर बसून एक वयस्कर गृहस्थ लोकांचे अर्ज लिहितात. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवतात आणि समोरच्याला विचारतात, "बराबर?"

एकदा त्यांनी स्वतःचाच अर्ज माझ्याकडून तपासून घेतला. खुणांची भाषा शिकवणाऱ्या वर्गाची माहिती त्यांना हवी होती. शेवटी लिहिलं होतं, 'माझे वय एकसष्ट आहे. शिकायला वेळ लागेल. चालेल काय?'

"या वयात हे काहून शिकायचं?" मी विचारलं.

"नातीला ऐकू येत न्हाई, सर. चार वर्षांचं लेकरू हातानं काहीतरी सांगून राहिलं, अन् मला कळंना."

वयाची ती ओळ मी खोडली नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, वयाची अट नाही.

आता गिऱ्हाईक नसलं की ते पेन बाजूला ठेवतात आणि रिकाम्या हातांनी 'पाणी', 'भूक', 'ये' असं हळूहळू गिरवत बसतात.